नारळाचा रिपोर्ट नसतो

गणवीर सर,

जयभीम.

एकवीस वर्षं एका खोलीत काम केलं आणि रोज सकाळी आपण एकमेकांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणालो, जणू दोघंही कॉन्व्हेंटात शिकलो होतो. परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला बिबवेवाडीच्या विहारात पांढरी साडी नेसून बसले, मेणबत्ती लावली आणि तुमच्या फोटोला पहिल्यांदा जयभीम म्हणाले. फोटोतले तुम्ही चष्म्याच्या वरून बघत होतात, नेहमीसारखे, “झालं का तुमचं, मॅडम?” असं.

नाही झालं. तिथे तुमच्याबद्दल चांगलं बोलायला बरेच लोक उठले. मी उठले नाही, कारण मला तुमच्याशी भांडायचं होतं आणि भांडण माइकवर करत नाहीत. ते कागदावर करते आहे. उद्या सकाळी नऊ वाजता मला आपल्या मशीनमध्ये झोपायचं आहे, त्याच्या आत हे लिहून व्हायला हवं. का झोपायचं आहे, ते तुम्हाला माझ्याआधी अकरा वर्षं माहीत होतं.

दुसऱ्या कोणी हे वाचलं तर कळावं म्हणून सुरुवातीपासून सांगते.

शहरात एमआरआय मशीनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती तेव्हा आपल्या सेंटरला परदेशातून आलेलं ते मशीन बसलं. भिंत पाडून क्रेननं आत घातलं होतं. तुम्ही भंडाऱ्याकडचे, नागपुरात तंत्रज्ञ म्हणून शिकलेले, आणि मी डिप्लोमा करून तुमच्या हाताखाली आलेली लिमये. पहिल्या दिवशी तुम्ही मला दोनच गोष्टी शिकवल्या. एक, हे चुंबक कधीच बंद होत नाही. दिवे घालवा, कुलूप लावा, ते आत चालूच असतं, आणि त्याला गार ठेवणारा पंप एकसारखा चिवचिवत असतो. “एकटं सोडलं म्हणून ते झोपत नाही,” तुम्ही म्हणालात. दुसरी गोष्ट, स्क्रीनच्या काचेला बोट लावायचं नाही. काही दाखवायचं असेल तर पेनचं टोपण दोन इंचांवर धरून दाखवायचं. मी बोट लावलं तर तुम्ही खिशातून रुमाल काढून माझ्यासमोर काच पुसायचात. एक शब्द न बोलता. पुण्यात जन्मूनही मला असा अपमान करता आला नसता.

आणि मग खंडेनवमी. त्या दिवशी सगळीकडे हत्यारांची पूजा होते तशी आपल्याकडे मशीनची व्हायची. झेंडूचा हार घालताना त्यात तार नाही ना हे तुम्ही स्वतः बघायचात, कारण पहिल्याच वर्षी स्टीलचं ताट माझ्या हातातून सुटून मशीनला जाऊन चिकटलं होतं, हळदीकुंकवासकट. मालक उंबऱ्याबाहेर नारळ फोडायचे. तुम्ही पूजेला हात जोडत नव्हतात. बाजूला उभे राहून म्हणायचात, “नारळ तुम्ही फोडा. मी आत झोपतो.” कारण त्या दिवशी पेशंट नसायचे आणि मशीनची चाचणी घ्यायला एक जिवंत डोकं लागायचं. नाव विचारणाऱ्या रकान्यात काहीतरी भरावं लागतं म्हणून तुम्ही भरलंत, ‘नारळ’. वय शंभर, लिंग पुरुष. तेव्हापासून जो कोणी चाचणीला झोपेल तो नारळ. ते झालं की श्रीखंड-पुरी, आणि मग तुम्ही दसऱ्याला दीक्षाभूमीवर पोचायला नागपूरची गाडी पकडायला पळायचात.

नारळाचे फोटो कोणी बघत नसे. मशीन चाललं ना, आवाज नीट आला ना, झालं. डॉक्टर विचारायचे, “काही आहे का बघायचं?” आणि आपण दोघं एकदम म्हणायचो, “नारळाचा रिपोर्ट नसतो!” या वाक्यावर आपण किती वर्षं हसलो!

ज्या वर्षी माझं लग्न झालं, त्या वर्षी खंडेनवमीला नवं सॉफ्टवेअर आलं. त्यात औषध न टोचता मेंदूच्या धमन्या दिसणार होत्या. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, दोन डोकी लागतील. तुम्ही आणि मी. नारळ एक, नारळ दोन. माझं मंगळसूत्र निघता निघेना. म्हणजे निघत होतं, पण सासूबाईंनी वर्षभर काढायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि मी तिथे उभी राहून रडवेली झाले होते. अखेर तुम्ही म्हणालात, “सासूबाईंना सांगा, चुंबकानं ओढलं.” मी हसले आणि काढलं.

ते फोटो पहिल्यांदा स्क्रीनवर फिरले तेव्हा मला भीती वाटली होती, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. त्यात कवटी दिसत नाही, मेंदू दिसत नाही, चेहरा तर नाहीच. काळ्या पोकळीत नुसतं वाहणारं रक्त पांढरं दिसतं, उपटून काढलेल्या रोपाच्या मुळांसारखं, आणि ते आपोआप गोल फिरत राहतं. माणूस गेला आणि त्याचं वाहणं तेवढं मागे राहिलं, असं काहीसं. पण त्या दिवशी श्रीखंड वाट बघत होतं. आपण ते डिस्कवर टाकलं आणि कपाटात ठेवलं.

ती डिस्क नऊ वर्षं तिथेच होती. दरम्यान हिंजवडीला कंपन्यांच्या बसगाड्या सुरू झाल्या आणि आपल्याकडे पंचविशीतली डोकी यायला लागली. गळ्यात ओळखपत्र, कानात वायर, आणि “सर, मायग्रेन आहे की ट्युमर, प्लीज लवकर सांगा ना, चारला कॉल आहे.” तुम्ही त्यांना विचारायचात, “पाणी किती पेता? झोपता कधी?” आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे बघायचात. त्या गर्दीत जुन्या डिस्का नव्या सर्व्हरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. एका दुपारी नारळ दोन उघडला. सहज. लग्नाच्या वर्षाची आठवण म्हणून.

मेंदूच्या पुढच्या आणि मागच्या धमन्यांमध्ये जिथे काही असायला नको, तिथे एक जाड वाट होती. डोकं फिरत होतं आणि ती वाट दर फेरीला समोर येत होती. आईच्या पोटात असताना काही दिवसांपुरती अशी धमनी असते, मग ती मिटते, आणि क्वचित एखाद्याची मिटत नाही. नऊ वर्षांत मी ती पुस्तकातच पाहिली होती. तुम्ही आलात, पेनचं टोपण दोन इंचांवर धरलंत आणि म्हणालात, “आमच्या गावाकडे असते अशी. पांदण. बैलगाडीची जुनी वाट. डांबरी रोड झाला तरी बुजत नाही.” मग टोपण थोडं खाली सरकलं आणि थांबलं. पांदण जिथून फुटत होती तिथे एक बारीक फुगवटा होता. पांदण असली म्हणून माणसाचं काही बिघडत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. फुगवटा फुटू शकतो, हेही माहीत होतं.

मी विचारलं, “दोन नंबर कोण होतं, सर?”

तुम्ही लगेच बोललात. “तुम्ही. मंगळसूत्राचा घोळ झाला म्हणून मी आधी झोपलो.”

मला वाटत होतं की मी आधी झोपले. पण तसं वाटावं अशी माझी गरज होती. ईशान तेव्हा चार वर्षांचा होता. माझ्या चेहऱ्याचं काय झालं असेल ते मला दिसलं नाही, तुम्हाला दिसलं. पंप चिवचिवत होता. तुम्ही माझ्यासाठी स्टूल ओढलंत आणि चहा सांगितलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गुड मॉर्निंगच्या आधीच म्हणालात, “मॅडम, माह्यीच चूक झाली. घरी गेल्यावर आठवलं. तुम्ही पहिल्या, मी दुसरा. ते माह्या डोक्यात आहे.”

मी पुणेरी आहे, सर. असं कोणी आपणहून माझ्या पदरात सुख टाकलं तर मी ते उलटून पालटून बघते. मी म्हणाले, स्कॅन करू, माझं आणि तुमचं. तुम्ही म्हणालात, तुमचं करू. माझं मी करणार नाही. का, ते मला माहीत होतं.

शालूताई. तुमच्या पत्नी. घरात पाय घसरून पडल्या, डोक्याला खोक पडली म्हणून तुम्हीच त्यांना आपल्या मशीनवर घातलं होतं. मार काही नव्हता. पण तुम्हाला एक फुगवटा दिसला, तुम्हीच डॉक्टरांना हाक मारली, आणि पंधरा दिवसांत ऑपरेशन झालं. त्या पुढे दीड वर्ष जगल्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. पोरीला हाक मारायला तोंड उघडायच्या आणि नुसता श्वास यायचा. “मी पाहिलं नसतं तर ती अजून बोलत असती,” हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, चहाचा कप धुता धुता, माझ्याकडे पाठ करून. मी म्हणाले होते की तसं नसतं. तुम्ही म्हणालात, “तसंच असते.”

तर एका रविवारी सेंटर बंद असताना आपण दोघं आलो. नाव कशाला, मालक विचारत बसतील, म्हणून नारळच लिहिलं. मी आत झोपले. डोक्यावरच्या पिंजऱ्यात तो छोटा आरसा असतो, त्यातून पायाकडची काच आणि काचेपलीकडे बसलेला माणूस दिसतो. तुम्ही दिसत होतात. बराच वेळ तुम्ही खाली बघत होतात, स्क्रीनकडे. मग वर पाहिलंत आणि अंगठा दाखवलात. झालं, या.

मी बाहेर आले तेव्हा स्क्रीनवर डोकं फिरत होतं. पांदण नव्हती. तीन फेऱ्या झाल्या, चार झाल्या, सगळं पुस्तकातल्यासारखं. तुम्ही म्हणालात, “पाहा. क्लीन. काहून घाबरून राहिल्या?” मी खुर्चीत बसून रडले. इतकी रडले की मला एक गोष्ट दिसूनही दिसली नाही. तुम्ही दाखवत होतात ते पेनच्या टोपणानं नाही. तुमचा अंगठा काचेवर होता. वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे नाव आणि तारीख असते, तिथे टेकवून ठेवलेला. डोकं फिरायचं थांबेपर्यंत तो हलला नाही.

पुढची अकरा वर्षं मी तुम्हाला जपलं. आता हसा. मी तुम्हाला ऑक्सिजनचा सिलिंडर उचलू दिला नाही. तुम्ही म्हणालात, “मग तुम्हीही नाही उचलायचा. नियम म्हणजे नियम.” मी चहाच्या टेबलावर रक्तदाबाचं यंत्र आणून ठेवलं. तुम्ही म्हणालात, “माह्यं घ्यायचं तर तुमचंही.” रोज अकरा वाजता आपण एकमेकांच्या दंडाला पट्टा बांधायचो, आणि मालक म्हणायचे, काय, राखीपौर्णिमा का? माझं साधं डोकं दुखलं तरी तुम्ही पाच प्रश्न विचारायचात. मला वाटायचं, बिचारा स्वतःच्या भीतीनं विचारतो. आणि माझं लिंबाचं लोणचं. डबा उघडला की तुमची वाटी पुढे. “तुमच्या हातचं लोणचं म्हणजे, मॅडम!” मी दर उन्हाळ्यात तुमच्यासाठी जास्तीची बरणी घालायची. परवा विहाराबाहेर तुमच्या उज्ज्वलाला हे सांगितलं. ती खराडीहून सुट्टी काढून महिनाभर तुमच्याच घरी आहे. म्हणाली, “मावशी, बाबा तर लोणचं खातच नव्हते. आंबट त्यांना चालायचंच नाही. डब्यातून घरी आणायचे आणि शेजारच्या आजींना द्यायचे.”

मीठ. तुम्ही अकरा वर्षं माझ्या ताटातलं मीठ उचलून नेत होतात.

आणि दर खंडेनवमीला मीच नारळ. “मी त्यात झोपत नाही आता. माह्या डोक्यातलं मला पाहायचं नाही. तुम्ही झोपा.” मला ते किती साहजिक वाटलं! मी झोपायची. आरशात तुम्ही. बराच वेळ खाली बघणारे, मग वर, मग अंगठा. आणि मी बाहेर येऊन विचारायची, “काय म्हणतोय नारळ?” तुम्ही म्हणायचात, “नारळाचा रिपोर्ट नसतो.” तुम्ही हसायचात का तेव्हा? मला आठवत नाही. मी हसायची.

आपलं भांडणही झालं होतं, तीन महिने बोलणं बंद होतं. आता शालूताईंच्या वेळेसारखं राहिलं नाही, मांडीतून तार घालून आतल्या आत करतात, आपल्याच खोलीत असे पेशंट तपासणीला येतात आणि खोखो हसत परत जातात, हे मी तुम्हाला ओरडून सांगत होते. उपचार घ्या म्हणून पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं होतं.  खरं तर मी स्वतःलाच ओरडून सांगत होते, आणि तुम्ही ते ऐकत होतात. त्यातलं एक वाक्य जरी तुम्ही मनावर घेतलं असतं तर मला सांगून टाकलं असतंत. याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. अजून तरी नाही.

यंदा खंडेनवमी झाली. तुम्ही नागपूरला जाऊन आलात. शुक्रवारी निघताना म्हणालात, “मॅडम, सोमवारी जरा बसू. बोलायचं आहे.” मी म्हणाले, “रिटायरमेंटचं भाषण माझ्यावर घासून बघायचं असेल तर आधी चहा सांगा.” तुम्ही निघालात. जिन्यात दोन पायऱ्या उतरून परत वर बघितलंत. मी तोवर दुसऱ्या पेशंटला हाक मारली होती.

सोमवारी साडेआठला फाटकाबाहेरच्या टपरीपाशी तुम्ही कोसळलात. उजवा हात लुळा, शब्द बंद. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब आत घ्या. तुमचा चष्मा, पट्टा, किल्ल्या मी काढून घेतल्या. मला माहीत होतं मला काय दिसणार आहे. अकरा वर्षं मी त्या फुगवट्याची वाट बघत होते. डोकं पिंजऱ्यात ठेवलं, डाव्या हातात तो रबरी फुगा दिला, काही वाटलं तर दाबायचा म्हणून. पेशंटला सांगतात तसं तुम्हाला सांगितलं.

डोकं फिरायला लागलं. माझी नजर आधी तिथेच गेली.

पांदण नव्हती.

डाव्या बाजूची मोठी धमनी गुठळीनं बंद झाली होती. साधा, कोणालाही येतो तसा झटका. बाकी सगळं स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. ते डोकं मी आधी पाहिलं होतं. एका रविवारी, रडता रडता, माझं म्हणून. तो तुमचा नारळ एक होता.

मी काचेतून वर पाहिलं. आरशात तुमचे डोळे होते, उलटे, माझ्याकडे लागलेले. मी बघितलं हे तुम्ही बघितलंत. आणि माझ्याजवळची घंटी वाजायला लागली. तुम्ही फुगा दाबत होतात. सोडत होतात आणि परत दाबत होतात. मी माइकवर म्हणाले, “सर, झालंच, हलू नका.” घंटी थांबेना. एकवीस वर्षांत ती खोली मला कधी परकी वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली. चुंबक ठोकत होतं, घंटी वाजत होती, आणि स्क्रीनवर तुमचं डोकं शांतपणे फिरत होतं.

तुम्हाला वरच्या हॉस्पिटलात नेल्यावर मी सर्व्हर उघडला. नारळ, अकरा वर्षांपूर्वीचा तो रविवार. मग दर खंडेनवमीचा नारळ. एकेक करून सगळे उघडले आणि शेजारी शेजारी लावले. स्वतःचं डोकं इतक्या वेळा, चेहऱ्याशिवाय, एकाच वेगानं फिरताना कोणी पाहू नये. प्रत्येकात पांदण. प्रत्येकात तो बारीक फुगवटा, फिरत समोर येणारा आणि मागे जाणारा. मागे पंप चिवचिवत होता. ते मशीन मला इतकी वर्षं ओळखत होतं, आणि मीच मला ओळखत नव्हते.

तिसऱ्या दिवशी उज्ज्वला औषधं आणायला खाली गेली तेव्हा मी तुमच्या कानाशी वाकून म्हणाले, “कळलं मला, सर. मी रागावले नाहीये.” तुमच्या एका डोळ्यातून पाणी आलं. तुम्ही मला एक खोटं सांगितलं होतंत, मी तुम्हाला एक सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

तुमच्या लॉकरमधली छोटी डायरी उज्ज्वलानं परवा मला दिली. “यात सगळं नारळाबद्दल आहे, मावशी. मला काही कळत नाही. बाबांनी नारळाचा धंदा केला होता का?” मी नाही म्हणाले. दर खंडेनवमीला एक ओळ. नारळ, तेवढाच. नारळ, तेवढाच. मध्ये एका वर्षी, ‘डॉक्टरांना दुसऱ्या नावानं विचारलं. लहान आहे, नजर ठेवा, बीपी सांभाळा म्हणाले.’ मग परत, तेवढाच. ज्या वर्षी आपण बोलत नव्हतो, त्या वर्षीही. कॅन्टीनवाल्याकडून निरोप पाठवून तुम्ही मला आत झोपायला लावलं होतं.

यंदाची ओळ अशी आहे. ‘नारळ, तेवढाच नाही. मॅडमना सांगणे.’ आणि त्याखाली, वेगळ्या पेनानं, बहुधा गाडीत लिहिलेलं, कारण अक्षर हललंय. ‘कसं सांगू.’

असं सांगायचं होतं, सर. “लिमये, बसा. तुमच्या डोक्यात आहे.” मी ओरडले असते. रुमाल मागितला असता. पण ते माझं डोकं आहे. त्याच्यात काय आहे ते ऐकायचा पहिला हक्क माझा होता, आणि तो तुम्ही अंगठ्याखाली झाकलात. शालूताईंचं दुःख तुमचं होतं. ते तुम्ही माझ्यावर पांघरायला नको होतं.

हे लिहिलं, आणि आता दुसरं लिहिते, कारण तेही खरं आहे. या अकरा वर्षांत मी ईशानला सायकल शिकवली, त्याच्यामागे धावत. सिंहगड किती वेळा चढले. नवऱ्याशी, सासूशी, मालकांशी घसा फुटेपर्यंत भांडले आणि एकदाही मनात आलं नाही की आत काही फुटेल. मला भीती नावाची गोष्ट माहीतच नव्हती, कारण ती सगळी तुम्ही घेऊन बसला होतात, टेबलापलीकडे, लोणच्याच्या वाटीसकट. कुठल्या भावानं बहिणीसाठी हे केलं असतं? मला तुमची आठवण येते, सर. अकरा वाजले की हात आपोआप दंडाकडे जातो आणि पट्टा बांधायला कोणी नसतं. मग मी एकटीच बांधते. मी बांधते आणि मला तुमचा राग येतो, आणि रडू येतं, आणि आकडा वाढलेला येतो, आणि तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “पाच मिनिटांनी परत घ्या.”

डॉक्टरांना मी सगळं दाखवलं. तुमचं नाव मी सांगितलं नाही, पण त्यांनी ओळखलं.  फुगवटा वाढलाय आणि त्याचा आकारही बदललाय म्हणाले. उद्या नीट, औषध टोचून बघायचं आणि मग ठरवायचं, तार घालायची की अजून थांबायचं. ठरवणार मी. घरी सांगितलं आहे. ईशाननं माझ्या ताटातलं लोणचं उचलून आपल्या ताटात घेतलं. त्याला तुमच्याबद्दल मी अजून काही सांगितलेलं नाही.

घाबरले आहे. हे तुम्हाला सांगायला आता हरकत नाही. उद्या आरशात काचेपलीकडे नवी मुलगी असेल. चांगली आहे, पण बोटांची फार घाई करते. आज दुपारी ती फॉर्म भरत होती. मला म्हणाली, “मॅम, स्टाफ आहात ना, मग टेस्टच्या नावानं टाकू का? नारळ म्हणून?” मी म्हणाले, नाही. लिही, वसुधा श्रीकांत लिमये. वय त्रेचाळीस. स्त्री. रिपोर्ट हवा आहे.

आणि तिला एक गोष्ट बजावली आहे. फोटो दाखवताना काचेला बोट लावायचं नाही. कोपऱ्यात काय लिहिलंय ते मला वाचायचं आहे.